ग्रंथपालाच्या नावाचे पदक

ज्यांच्या घरी मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते, त्यांना ‘दत्ती’ हा शब्द समजावून सांगायला नको. कोणीतरी रक्कम ठेवतो आणि तिच्या व्याजातून दरवर्षी ‘दत्ती प्रशस्ती’ दिली जाते किंवा ‘दत्ती उपन्यास’ होतो. (कन्नडात उपन्यास म्हणजे व्याख्यान, आपल्या बोरगाव-सौंसरकडच्या हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी. तेव्हा निमंत्रणपत्रिका जपून वाचावी!) मराठीत इतका आटोपशीर शब्द नाही. ‘देणगीच्या व्याजातून देण्यात येणारा पुरस्कार’ असे लांबलचक म्हणावे लागते.

हे सांगायचे कारण असे, की आमच्या भागातील एका महाविद्यालयाचे निवृत्त ग्रंथपाल वारले आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पैसे जमवायला सुरुवात केली आहे. रक्कम विद्यापीठाकडे द्यायची आणि ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला सरांच्या नावाचे सुवर्णपदक द्यायचे, अशी त्यांची कल्पना. भावना उत्तमच आहे. अमेरिकेत विद्यापीठाच्या ग्रंथालयप्रमुखाला बऱ्याच ठिकाणी ‘डीन’ म्हणतात; तिकडेही अशा दिवंगत डीनच्या नावाने कायम निधी ठेवतात. माझी अडचण आहे ती पदकाशी. ज्या माणसाने पहिल्या आणि शेवटच्या नंबराच्या मुलाला सारख्याच आस्थेने पुस्तक शोधून दिले, त्याची आठवण फक्त पहिल्या नंबराच्या गळ्यात का घालावी?

या बाबतीत आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला शियाळी रामामृत रंगनाथन यांचा. १८९२ साली जन्मलेला हा तमिळ माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला. पहिल्या काही दिवसांतच ओस ग्रंथालयात बसून इतका कंटाळला, की परत शिकवायला पाठवा म्हणू लागला! पुढे लंडनला शिकून आला आणि मग त्या ग्रंथालयाचा चेहरामोहराच पालटला. कपाटे वाचकांसाठी खुली झाली, ग्रंथालय उघडे ठेवण्याचे तास वाढले. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण हे त्यांचे ग्रंथ आले. १९२९ मध्ये त्यांचे शारदाबाईंशी लग्न झाले. लग्नाच्या दिवशीही दुपारी ते ग्रंथालयात हजर होते असे सांगतात. शारदाबाईंना त्या दिवशी काय वाटले, ते मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

पण पुढचा भाग पाहा. १९५०च्या दशकात रंगनाथन यांनी आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले. त्या काळात ही रक्कम केवढी, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. नाव स्वतःचे नाही, पत्नीचे; आणि त्या हयात असताना. शिवाय पदक नाही, पारितोषिक नाही, तर ‘शारदा रंगनाथन’ नावाचे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन. म्हणजे त्या पैशातून शिकवणारा माणूस उभा राहावा. नंतर बेंगळुरूला स्थायिक झाल्यावर त्याच नावाने आणखी एक निधी स्थापन केला आणि आपल्या पुस्तकांचे मानधन त्याला जोडून दिले. त्यातून व्याख्याने झाली, ग्रंथ छापले गेले. कन्नडातला ‘दत्ती उपन्यास’ तो हाच. १९६२ मध्ये त्याच शहरात त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रलेखन व प्रशिक्षण केंद्र उभे केले. १९७२ मध्ये ते गेले. मधल्या काळात, १९५७ ते ५९, उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात ते अभ्यागत प्राध्यापक होते, हे मध्य प्रदेशातल्या आपण लोकांनी तरी विसरू नये.

महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने राज्य आणि विभाग पातळीवर पुरस्कार ठेवले आहेत. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. ते पुरस्कार ग्रंथालय चळवळीतल्या कार्यकर्त्याला मिळतात, तसेच ग्रंथालयातल्या सेवकालाही मिळतात. पुस्तके जागेवर लावणारा, धूळ झटकणारा, देवघेवीच्या टेबलावर उभा असणारा माणूस गुणपत्रिका न दाखवता सन्मान घेऊ शकतो. अर्थात तो पुरस्कार महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांसाठी. सरहद्दीच्या अलीकडे, सौंसर-पांढुर्ण्यात मराठी पुस्तके सांभाळणाऱ्याला तो मिळायचा नाही. आपल्या विद्यार्थ्यांच्या निधीला जागा आहे ती इथे.

वाचकहो, आता थोडा हिशेब. समजा एक लाख रुपये ठेवले. बँका बारा टक्के देत होत्या तेव्हा वर्षाला बारा हजार येत. सहा टक्क्यांनी सहाच हजार येतात. सोन्याचा भाव मात्र उलट्या दिशेने धावतो. म्हणून कित्येक ठिकाणी ‘सुवर्णपदक’ म्हणजे चांदीवर सोन्याचा मुलामा, आणि पुढे नुसते प्रमाणपत्र. देणगीपत्रात काही लिहून ठेवलेले नसेल तर देणाऱ्याच्या पश्चात विचारायला कोणी उरत नाही.

त्यापेक्षा दरवर्षी त्या सहा हजारांची मराठी, हिंदी आणि जमल्यास कन्नड पुस्तके घेऊन ती एखाद्या गावच्या वाचनालयाला द्यावीत, आणि ती कोणाच्या हाती द्यायची ते त्या वाचनालयाच्या वाचकांना विचारून ठरवावे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर सरांच्या नावाचा शिक्का. व्याजाचा दहावा हिस्सा मुद्दलात परत टाकायचा, ही अट देणगीपत्रात पहिल्याच दिवशी घालावी. आणि ज्या वर्षी योग्य वाचनालय सापडणार नाही, त्या वर्षी पैसे कोणालाही न देता तसेच ठेवावेत, ही दुसरी.