विश्लेषण : झाकली मूठ सव्वा लाखाची! क्रिप्टो बाळगणाऱ्यांच्या दारात दरोडेखोर का? बचाव कसा करावा?

क्रिप्टो चलनाची चोरी म्हटली की दूर कुठेतरी संगणकासमोर बसलेला हॅकर डोळ्यांसमोर येतो. पण गेल्या काही वर्षांत चोर थेट दारात येऊ लागले आहेत. पासवर्ड फोडत बसण्याऐवजी पासवर्ड माहीत असलेल्या माणसालाच उचलायचे, मारहाण करायची आणि त्याच्याच हाताने चलन वळते करून घ्यायचे, अशी ही पद्धत. फ्रान्समध्ये २०२५ मध्ये अशा घटनांनी सरकारची झोप उडवली. गुजरात आणि पुण्यातही असे गुन्हे नोंदले गेले आहेत. या चोरीपुढे महागडी उपकरणे फारशी कामी येत नाहीत. मग काय कामी येते?

फ्रान्समध्ये काय घडले?

क्रिप्टो सुरक्षित ठेवण्याची उपकरणे बनवणाऱ्या ‘लेजर’ या फ्रेंच कंपनीचे सहसंस्थापक डेव्हिड बॅलँड आणि त्यांच्या पत्नीचे २१ जानेवारी २०२५ रोजी पहाटे मध्य फ्रान्समधील राहत्या घरातून अपहरण झाले. दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्यात आले आणि क्रिप्टोमध्ये खंडणी मागण्यात आली. धमकी पोकळ नाही हे दाखवण्यासाठी बॅलँड यांचे बोट कापण्यात आले. पोलिसांच्या विशेष पथकाने दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका केली, तर त्यांची पत्नी त्यानंतर एका वाहनात बांधलेल्या अवस्थेत सापडली.

मे महिन्यात पॅरिसमध्ये क्रिप्टो व्यवसायातून श्रीमंत झालेल्या एका उद्योजकाच्या वडिलांना भररस्त्यातून उचलण्यात आले. त्यांचेही बोट कापले गेले. १३ मे रोजी ‘पेमियम’ या क्रिप्टो कंपनीच्या प्रमुखांच्या मुलीला, नवरा आणि लहान मूल सोबत असताना, भरदिवसा गाडीत कोंबण्याचा प्रयत्न झाला. तिने प्रतिकार केला, आसपासचे लोक धावले, एक दुकानदार तर अग्निशामक नळकांडे घेऊन हल्लेखोरांवर चालून गेला. म्हणून ती वाचली. त्यानंतर फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी क्रिप्टो व्यावसायिकांची बैठक घेतली. आपत्कालीन क्रमांकावर त्यांना प्राधान्य देणे, पोलिसांकडून घराच्या सुरक्षेची पाहणी करून घेणे अशा उपाययोजना जाहीर झाल्या.

या घटनांत एक गोष्ट ठळक दिसते. तीनपैकी दोन वेळा क्रिप्टो ज्याच्याकडे, त्याला हातही लावला गेला नाही. त्याच्या वडिलांना किंवा मुलीला लक्ष्य करण्यात आले.

भारतात असे प्रकार झाले आहेत का?

झाले आहेत, आणि त्यांतला तपशील अधिक अस्वस्थ करणारा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सूरतमधील एका बिल्डरचे गांधीनगर परिसरातून अपहरण करून सुमारे १२ कोटी रुपयांचे २०० बिटकॉइन उकळल्याचे प्रकरण गाजले. अपहरण करणारे अमरेली जिल्ह्यातील पोलीस होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणी १४ जणांना जन्मठेप सुनावली. त्यांत तत्कालीन पोलीस अधीक्षक, इतर पोलीस कर्मचारी आणि एका माजी आमदाराचा समावेश होता.

जानेवारी २०२२ मध्ये पुण्याजवळच्या ताथवडे परिसरातील एका हॉटेलातून शेअर व्यवहार करणाऱ्या एकाचे अपहरण झाले. त्याच्याकडे ३०० कोटी रुपयांचे बिटकॉइन असल्याची माहिती अपहरणकर्त्यांना होती. पोलीस मागावर असल्याचे कळताच त्याला सोडून देण्यात आले. पुढे पकडल्या गेलेल्यांत पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एक कर्मचारी होता. त्याने पूर्वी पुणे पोलिसांच्या सायबर शाखेत काम केले होते आणि ही माहिती त्याला तिथेच मिळाली, असे तपासात पुढे आले.

म्हणजे दोन्ही प्रकरणांत धोका आला तो वर्दीतल्या माणसांकडून, तोही ‘याच्याकडे क्रिप्टो आहे’ एवढ्या माहितीच्या आधारावर. माहिती खरी आहे की नुसती वावडी, याने पीडिताच्या हालअपेष्टांत फरक पडत नाही.

चोरांना क्रिप्टोच का हवे?

बँकेतला पैसा काढायला मर्यादा असतात. एटीएममधून ठरावीकच रक्कम निघते. ‘यूपीआय’वर सर्वसाधारण व्यवहारांना दिवसाला एक लाखाची मर्यादा आहे. मोठी रक्कम वळवली तर बँक ती गोठवू शकते. घरात सोने असले तरी ते वाहून न्यावे लागते, विकावे लागते. बिटकॉइनचे तसे नाही. खासगी किल्ली ज्याच्या हाती, तो मालक. रात्री तीन वाजता, दिवाळीच्या दिवशी, कितीही रक्कम एका व्यवहारात दुसऱ्याच्या नावे होऊ शकते आणि व्यवहार पक्का झाला की तो उलटवणारी कोणतीही संस्था नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा हे आकर्षण आणखी वाढले.

अर्थात चोरांचा एक समज चुकीचा आहे. बिटकॉइनचे व्यवहार जाहीर खातेवहीत नोंदले जातात, त्यामुळे त्यांचा माग काढता येतो. बॅलँड प्रकरणात दिलेल्या खंडणीपैकी बहुतांश रक्कम तपास यंत्रणांनी गोठवली. पण कापलेले बोट परत येत नाही. म्हणून ‘नंतर शोधता येईल’ हा दिलासा मालकासाठी पुरेसा नाही.

चोरांना पत्ता लागतो कुठून?

बऱ्याचदा मालकाच्याच तोंडून. नफ्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप गटात टाकणे, समाजमाध्यमावर नव्या गाडीसोबत ‘बिटकॉइनची कृपा’ असे लिहिणे, लग्नसमारंभात ‘इतक्याला घेतले, आता इतके झाले’ अशा गप्पा मारणे, हे सारे नकळत दिलेले आमंत्रण असते. रोख पैशांत क्रिप्टोची खरेदी-विक्री करण्यासाठी अनोळखी माणसाला हॉटेलात किंवा पार्किंगमध्ये भेटणे हा तर उघड धोका.

दुसरा मार्ग कंपन्यांकडून होणाऱ्या गळतीचा. ‘लेजर’च्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, घरचे पत्ते आणि फोन क्रमांक डिसेंबर २०२० मध्ये इंटरनेटवर उघड झाले. सुरक्षेसाठी उपकरण घेणाऱ्यांचीच यादी चोरांच्या हाती पडली. मे २०२५ मध्ये ‘कॉइनबेस’ या अमेरिकी एक्स्चेंजने जाहीर केले की, ग्राहक सेवेतील परदेशी कर्मचाऱ्यांना लाच देऊन ग्राहकांची माहिती चोरण्यात आली. जवळपास ७० हजार ग्राहकांना त्याचा फटका बसला. माहितीत पत्ते होते आणि खात्यातील शिलकीचा तपशीलही. या गळतीचे धागे इंदूरमधील एका सेवा केंद्रापर्यंत पोहोचल्याचे पुढे बातम्यांतून समोर आले.

हार्डवेअर वॉलेट पुरेसे नाही का?

हॅकरपासून वाचण्यासाठी ते उत्तम. पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या या उपकरणात खासगी किल्ली इंटरनेटपासून दूर राहते आणि बहुतेक उपकरणांत चुकीचा पिन काही वेळा टाकला की सारे पुसले जाते. पण पिन मालकाच्या डोक्यात असतो आणि डोक्याला पिस्तूल लावता येते. ‘एक्सकेसीडी’ या अमेरिकी व्यंगचित्रमालिकेने २००९ मध्येच यावर बोट ठेवले होते. कोट्यवधींच्या यंत्राने न फुटणारे कुलूप पाच डॉलरच्या पान्याने उघडते, कारण तो पाना कुलपावर नव्हे, माणसावर चालतो. त्यावरूनच अशा हल्ल्यांना ‘रेंच अटॅक’ म्हणतात.

तीच गत १२ किंवा २४ शब्दांच्या ‘सीड फ्रेज’ची. हे शब्द ज्याला मिळतील त्याला उपकरणाचीही गरज उरत नाही. ते कागदावर लिहून कपाटात ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच अडकवून ठेवण्यासारखे. मोबाइलमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवणे त्याहून वाईट.

मग व्यवस्था कशी असावी?

मराठी घरांनी सोन्याबाबत जे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या पाळले, तेच इथे लागू पडते. रोजच्या वापरातले मंगळसूत्र अंगावर, बाकीचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. त्याचप्रमाणे मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये तेवढेच चलन असावे, जे गेले तर हळहळ वाटेल पण घर बुडणार नाही.

उरलेल्या मोठ्या रकमेसाठी सूत्र एकच : मालकाने ठरवले तरी ती त्या क्षणी, त्या खोलीत बसून हलवता येऊ नये. यासाठी ‘मल्टिसिग’ पद्धत आहे. तीन किल्ल्या तयार करायच्या आणि व्यवहारासाठी त्यांपैकी कोणत्याही दोन लागतील अशी रचना करायची. एक घरी, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये, तिसरी दुसऱ्या गावातील विश्वासू नातेवाइकाकडे. लॉकर रात्री उघडत नाही, हीच त्याची ताकद. एखादी किल्ली हरवली तरी उरलेल्या दोघींवर काम भागते.

ज्यांचे चलन एक्स्चेंजवर आहे त्यांनी आधी मंजूर केलेल्या पत्त्यांवरच रक्कम पाठवता येईल अशी सोय असल्यास ती सुरू करावी. अनेक ठिकाणी नवा पत्ता जोडल्यावर काही तास किंवा दिवस थांबावे लागते. एरवी त्रासदायक वाटणारा हा विलंब अशा वेळी ढालीसारखा उपयोगी पडतो.

काही जण दिखाऊ वॉलेट ठेवतात. त्यात थोडी रक्कम असते. धाक दाखवला तर तेच उघडून द्यायचे. हा उपाय उपयोगी असला तरी बेभरवशाचा. मालकाकडे किती आहे याचा अंदाज चोराला आधीच असेल, तर थोडक्या रकमेने त्याचे समाधान होणार नाही. ‘किल्ली माझ्याकडे नाही’ हे उत्तरही त्याला पटेलच असे नाही. म्हणूनच मल्टिसिगसारखी रचना ही दुसरी भिंत मानावी. चोर दारापर्यंत न येणे ही पहिली, आणि ती गप्प बसण्यानेच उभी राहते.

गप्प राहणे म्हणजे लपवणे का?

अजिबात नाही. गल्लत होते ती इथेच. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस. प्राप्तिकर विवरणपत्रात या मालमत्तेसाठी स्वतंत्र रकाना आहे. जो मालक हे सारे दडवतो, तो चोरासाठी आदर्श सावज ठरतो. कारण लुटले गेल्यावर तो पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही, याची चोराला खात्री असते. खरेदीच्या पावत्या आणि भरलेला कर हा तक्रारीचा पाया आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता असल्याचे म्हटले, त्यामुळे हा पाया आणखी भक्कम झाला. गप्प राहायचे ते चारचौघांत. प्राप्तिकर खात्यापुढे नव्हे.

घरातही पूर्ण मौन बरे नव्हे. मालकाच्या पश्चात किल्ल्या कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नसेल, तर चलन चोराविनाच नाहीसे होईल. कोणती किल्ली कुणाकडे आहे हे एका विश्वासू व्यक्तीला माहीत असावे. मुलांना आकडे सांगू नयेत, पण ‘बाबांकडे किती बिटकॉइन आहेत?’ असे कुणी विचारले तर घरी येऊन सांगायचे, हे मात्र शिकवावे.

प्रसंग ओढवलाच तर?

जीव आधी, चलन नंतर. शस्त्र समोर असताना प्रतिकार, हुज्जत किंवा हुशारी करू नये. जे देता येते ते देऊन टाकावे. सुटका होताच ११२ वर फोन करावा. ज्या पत्त्यावर रक्कम गेली तो पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक तातडीने पोलिसांना व संबंधित एक्स्चेंजला द्यावा, कारण रक्कम गोठवण्याची संधी सुरुवातीच्या तासांत सर्वाधिक असते. खंडणीसाठी अपहरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४० नुसार गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे ‘हे ऑनलाइन प्रकरण आहे, सायबर शाखेकडे जा’ असे सांगितले गेले तरी स्थानिक ठाण्यात गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. पैसे घेऊन ‘चोरीला गेलेले बिटकॉइन परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. जखमेवर मीठ चोळणारी ती दुसरी फसवणूक असते.

जबाबदारी फक्त मालकाचीच का?

‘स्वतःची बँक स्वतः व्हा’ ही क्रिप्टोवाल्यांची आवडती घोषणा. पण बँकेला दारावर पहारेकरी असतो, तिजोरीला दोन किल्ल्या आणि कामाला ठरलेल्या वेळा असतात, हे ती घोषणा सांगत नाही. बँक व्हायचे असेल तर बँकेची शिस्तही घ्यावी लागेल. ज्यांना ती झेपणार नाही, त्यांनी मोठी रक्कम या चलनात न गुंतवणे हाच खरा बचाव.

मात्र मालकाने कितीही मूठ झाकली तरी ती उघडणारे हात दुसरीकडे आहेत. ग्राहकाचा पत्ता आणि शिल्लक ग्राहक सेवेतल्या प्रत्येकाला दिसण्याची गरज काय, याचे उत्तर कंपन्यांनी द्यायला हवे. तपासात हाती आलेली माहिती कुणी कधी पाहिली याची नोंद पोलीस दलाने ठेवायला हवी. अमरेली आणि ताथवडेच्या प्रकरणांनंतर ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आब राखण्यासाठी होती. क्रिप्टोच्या जमान्यात ती जीव राखण्यासाठी आहे, आणि ती मूठ झाकलेली ठेवणे एकट्या मालकाच्या हाती उरलेले नाही.