हाती न आलेला किल्ला

मांडवी नदी समुद्रास मिळण्यापूर्वी जेथे तिचे पात्र आवळते, तेथे उत्तर तीरावरील टेकडीवर, पणजीच्या ऐन समोर, रेइश मागुशचा किल्ला उभा आहे. आणि महाराष्ट्रातून गोव्यास जाणारे आपले बहुतेक प्रवासी आग्वादचा तट पाहून परततात, इकडे फिरकत नाहीत, याचा मला मनापासून खेद वाटतो.

आदिलशाही चौकीच्या जागी पोर्तुगीजांनी १५५१ साली हा किल्ला बांधला, तो नदीच्या वरच्या अंगास वसलेल्या जुन्या गोव्याच्या, म्हणजे त्यांच्या पूर्वेकडील साम्राज्याच्या राजधानीच्या रक्षणासाठी. जांभ्या दगडाच्या उतरत्या भिंती, कोपऱ्याकोपऱ्यांवर टांगल्यासारखे दिसणारे गोल टेहळणी बुरूज आणि पायथ्याशी लागूनच असलेले पांढरेशुभ्र चर्च, असे याचे रूप. अली आदिलशहाने १५७० साली गोव्यास वेढा घातला असता ज्याने तो परतविला, त्या दों लुईश द आताईद या व्हाइसरॉयची समाधी याच चर्चमध्ये आहे. समोरच्या काठावर गाश्पार दियश नावाचा दुसरा किल्ला होता. दोन्हीकडच्या तोफांच्या माऱ्यातून निसटून शत्रूचे जहाज राजधानीपर्यंत पोहोचणे दुरापास्त व्हावे, अशी ती योजना होती. तो दुसरा किल्ला १८३५ च्या लष्करी बंडाळीत नष्ट झाला.

परंतु मराठी वाचकाने या तटापाशी थांबावे ते १७३९ या सालासाठी. त्या वर्षी चिमाजीअप्पांनी वसई सर केली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच मोहिमेच्या अनुषंगाने, वसईस गोव्याहून कुमक जाऊ नये म्हणून, व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यातील साष्टीत मुसंडी मारली आणि सावंतवाडीच्या सावंतांनी हा किल्ला ज्यात आहे तो सारा बारदेश व्यापला, तेव्हा बारदेशात फिरंग्यांचे निशाण केवळ आग्वाद आणि रेइश मागुश या दोनच ठाण्यांवर राहिले, हे आपण क्वचितच आठवतो. लिस्बनहून नवा व्हाइसरॉय फौजेनिशी १७४१ साली उतरला आणि बारदेश पुन्हा पोर्तुगीज अंमलाखाली गेला. माझ्या मते ही दोन ठाणी हाती न आल्यामागचे कारण शौर्याच्या उणिवेत शोधणे अन्यायाचे होईल. ज्या ठाण्यांना जलमार्गाने रसद आणि दारूगोळा पोहोचतो, ती केवळ जमिनीवरून कोंडता येत नाहीत. आणि त्यासाठी लागणारे आरमार आंग्रे बंधूंच्या, संभाजी आणि मानाजी यांच्या, कलहात दुभंगलेले होते. वसईच्या विजयाची पोवाड्यांतून घोकंपट्टी करणाऱ्या आपल्या इतिहासलेखनाने या अपयशाची चिकित्सा तितक्याच आस्थेने करावयास हवी.

पुढे राजधानी १८४३ साली पणजीस आली. तोफांचे महत्त्व ओसरल्यावर किल्ल्याचा तुरुंग झाला, गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांनीही तेथे कोठडी भोगली. आणि मुक्तीनंतरही, १९९३ पर्यंत, तो तुरुंगच राहिला. पडझड झालेली ती वास्तू जीर्णोद्धार होऊन २०१२ साली लोकांस खुली झाली, हे फार चांगले झाले.

सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरकडच्या शाळांच्या सहली दरवर्षी गोव्यास जातात. शिक्षकांनी त्यांतील एक सकाळ या किल्ल्यास द्यावी, मुलांना नदीकडच्या तटावर उभे करून समोरची पणजी दाखवावी, आणि सतराशे एकोणचाळीसची ती हकिगत जिंकलेल्या वसईसह आणि न जिंकलेल्या या किल्ल्यासह पूर्ण सांगावी.