परवलीच्या शब्दांचे स्थलांतर

कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून घरभर वावरणारी आजी आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनी खचित पाहिली असेल. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हे तिच्याखेरीज घरात कोणासही ठाऊक नसे. आज त्या जुडग्याची जागा पासवर्डांनी घेतली आहे. सुरतेतील एका साध्या मराठी कुटुंबाचेच उदाहरण घ्या. विजेचे बिल, महानगरपालिकेचा घरवेरा, बँक, भविष्य निर्वाह निधी, रेल्वेचे आरक्षण, मुलांचे परीक्षेचे अर्ज, कापड बाजारात लहानशी पेढी असेल तर जीएसटी, या प्रत्येकास स्वतंत्र परवलीचा शब्द लागतो. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांचे एक पाऊल लिंबायत-उधन्यात, तर दुसरे जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात असते. गावाकडच्या शेताचा सात-बारा काढावयाचा म्हणजे महाराष्ट्र सरकारचे संकेतस्थळ आलेच. दोन राज्यांच्या संसारास किल्ल्याही दुप्पट लागतात.

एवढे शब्द स्मरणात राहणे अशक्य, म्हणून लोक एकच शब्द सर्वत्र वापरतात आणि एका दुकानाची यादी फुटली की बँकेचेही दार उघडे पडते. यावर उपाय म्हणून पासवर्ड मॅनेजर नावाची सोय निघाली. ही एक प्रकारची तिजोरी होय. आत शेकडो निरनिराळे शब्द कूटलिपीत बंद असतात आणि बाहेर एकच मोठा शब्द, ज्यास मास्टर पासवर्ड म्हणतात, तेवढा आपण लक्षात ठेवावयाचा. चांगल्या मॅनेजरमध्ये तो मोठा शब्द खुद्द कंपनीपाशीही नसतो. या सोयीचे गुणगान पुष्कळांनी केले आहे. त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत हा ऐवज नेण्याच्या प्रसंगाविषयी. तो प्रसंग आज ना उद्या प्रत्येक घरात येतो. फोन बदलतो, कंपनीचे दर वाढतात, किंवा कंपनीच ती सोय गुंडाळते. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटर या ॲपमध्ये पासवर्ड साठविण्याची सोय २०२५ साली तीन महिन्यांत बंद केली. जूनमध्ये नवे शब्द घेणे थांबले, जुलैमध्ये ते आपोआप भरले जाणे थांबले आणि ऑगस्टपासून साठविलेले शब्दही तेथे दिसेनासे झाले. ज्यांनी सूचना वाचली नाही त्यांची किती धावपळ झाली असेल, याची कल्पनाच करावी.

आमचे मत असे की, या व्यवहारात जुन्या तिजोरीस भय नाही, नव्या तिजोरीसही फारसे नाही. भय आहे ते दोहोंमधील वाटेवर. आणि नेमक्या त्याच वाटेकडे कोणाचे लक्ष नसते.

सुरतेत बसून सुरतेच्या लुटीचा दाखला देणे थोडे धार्ष्ट्याचेच. पण शेजारी मोठ्या मनाचे आहेत, ते क्षमा करतील. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा हे शहर लुटले, तेव्हा खरी कसोटी शहरात लागली नाही. ती लागली परतीच्या वाटेवर, वणी-दिंडोरीच्या परिसरात, जेव्हा दाऊदखानाची फौज आडवी आली. महाराजांनी ऐवज निराळ्या तुकडीबरोबर पुढे रवाना केला आणि स्वतः झुंज घेतली. सुरतेत ऐवज हाती आला होता आणि पुढे गडांचा आसरा होता. चिंता होती ती मधल्या घाटवाटांची. आजही महिधरपुऱ्यातील हिरे मुंबईस नेणारे आंगडिये हेच जाणतात. लक्षावधी रुपयांचा माल ते नेतात, परंतु पाकीट बंद असते, नेणाऱ्यासही आत डोकावण्याचे कारण नसते, आणि ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले हे ठरलेले असते.

आता पासवर्ड कसे नेतात ते पाहू. जुन्या मॅनेजरला ‘एक्स्पोर्ट’ सांगावयाचे; तो एक फाइल देतो. तिला सीएसव्ही म्हणतात. ती फाइल नव्या मॅनेजरला दाखवावयाची की तो सर्व ओळी आत घेतो. दोन-तीन मिनिटांचे काम. परंतु ही फाइल कसली असते? साध्या मजकुराची! एका ओळीत बँकेचे नाव, तिचा पत्ता, आपले नाव आणि पासवर्ड, अगदी शाळेच्या हजेरीपटासारखे उघडे. पाकिटात नव्हे, तर ओंजळीत हिरे घेऊन गाडीत बसण्यासारखे हे आहे. काही मॅनेजर परवलीने बंद केलेली फाइलही देतात, पण ती बहुधा त्यांची त्यांनाच उघडता येते. दुसऱ्याकडे जावयाचे तर उघड्या फाइलीवाचून गत्यंतर नाही, अशी स्थिती आजवर होती.

उघड्या फाइलीचा घात फार जुना आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकात अनेकांनी एकच संगणक वाटून वापरण्याची व्यवस्था होती आणि प्रत्येकास परवलीचा शब्द दिलेला होता. एके दिवशी दोन माणसे एकाच वेळी दोन फाइली सुधारत असता त्या फाइलींची अदलाबदल झाली. आणि संगणकात प्रवेश करताच रोजच्या सूचनेच्या जागी सर्वांचे पासवर्ड प्रत्येकाच्या पुढ्यात येऊ लागले. त्या व्यवस्थेचे जनक फर्नांडो कोर्बाटो यांनी पुढे ही हकीकत स्वतःच सांगितली आहे. एवढा मोठा माणूस आपल्या कामातील फजिती चारचौघांत सांगतो, म्हणून आम्हीही आमची सांगतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी हे स्थलांतर झाले. एकूण ११२ नोंदी होत्या. काम पुतण्याने अंगावर घेतले, कारण घरात त्याचाच हात त्यात चालतो. फाइल फोनवर तयार झाली आणि ती लॅपटॉपवर न्यावयाची होती. त्याने ती संदेशाच्या ॲपवरून स्वतःस पाठविली, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ती गेली कुटुंबाच्या गटावर. सुरत, शिरपूर, पुणे आणि कल्याण येथील मिळून सत्तावीस माणसे त्या गटात आहेत. नऊ दिवस ती तेथे पडून होती. दिवाळीच्या शुभेच्छांच्या लोंढ्यात कोणी ती उघडली नाही. दहाव्या दिवशी शिरपूरच्या आबांचा फोन आला, “काय रे, ही कसली यादी पाठवून ठेवली आहेस? तुझ्या आजोबांच्या पेन्शनीचे नाव दिसते आहे त्यात!”

त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री आम्ही घरातले चौघे बसून शब्द बदलत होतो. प्रथम ई-मेलचा, कारण इतर सर्व कुलपांच्या नव्या किल्ल्या त्याच पत्त्यावर येतात, मग बँका, मग बाकीचे. गटावरून फाइल काढली, पण ज्या फोनांत ती आपोआप उतरली होती तेथून ती काढण्यास एकेका नातेवाइकास विनवावे लागले. पैसा गेला नाही. तो आमच्या सावधगिरीने वाचला असे मात्र म्हणता येत नाही. पुतण्यास कोणी रागे भरले नाही, हे येथे नमूद करतो. त्यास तसे करू देणारे आम्ही शेजारच्याच खोलीत फराळ करीत होतो.

या दोन रात्रींत आणखीही काही गोष्टी उघडकीस आल्या. पुतण्याने ती सीएसव्ही एकदा एक्सेलमध्ये उघडून ‘नीट’ करून जतन केली होती. त्या नीटनेटकेपणात शून्याने सुरू होणाऱ्या आकड्यांतील शून्ये गळाली. ०४२७ चे ४२७ झाले. लांबलचक आकडे संक्षिप्त रूपात गेले. आणि मराठी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे असे म्हणजे, नोंदींपुढे देवनागरीत लिहिलेली टिपणे, ‘आजीची पेन्शन’, ‘गावचे वीजबिल’, ती सर्व अगम्य चिन्हांचा चिखल होऊन गेली. कारण फाइल युनिकोडच्या एका लेखनपद्धतीत होती आणि एक्सेलने ती निराळी समजून वाचली. ही फाइल उघडूच नये, जशी आली तशी नव्या तिजोरीस द्यावी, हे आम्ही नंतर शिकलो. रकान्यांची नावेही दोन मॅनेजरांची सारखी नसतात. एक ‘यूजरनेम’ म्हणतो तर दुसरा ‘लॉगिन यूजरनेम’. म्हणून कोठून आणली ते नव्या मॅनेजरला यादीतून निवडून सांगावे लागते, म्हणजे तो रकाने जुळवून घेतो. तरीही सर्व येत नाही. जोडलेली कागदपत्रे, जुन्या शब्दांचा इतिहास, आणि हल्ली निघालेल्या पासकी, या सीएसव्हीच्या गाडीत बसतच नाहीत.

तेव्हा जुनी तिजोरी लगेच मोडण्याची घाई करू नये. नव्या तिजोरीतून पाच-सात महत्त्वाची खाती उघडून पाहावीत, नोंदींची संख्या जुळवावी, तीन-चार आठवडे जावेत, मग जुने खाते बंद करावे. फाइल मात्र त्याच बैठकीत पुसावी, कचरापेटीही रिकामी करावी, आणि ती ज्या फोल्डरात उतरली तो फोल्डर क्लाउडवर आपोआप चढत तर नाही ना, हे आधी पाहावे. हे काम कोणाच्याही दुकानात, कोणाच्याही संगणकावर करू नये. दुकानदार सज्जन असेल. त्याचा संगणक किती जणांच्या हाताखालून जातो, हे त्यालाही ठाऊक नसते.

येथे कोणी विचारील की, ऐवज नव्या तिजोरीत गेला म्हणजे झाले ना? सर्वदा नाही. २०२२ साली लास्टपास या कंपनीकडून चोरट्यांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच नेल्या. पासवर्ड कूटलिपीत होते, परंतु कोणाचे कोठे खाते आहे ते संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड दुबळा, त्यांच्या प्रतीवर चोरटा सवडीने घाव घालीत बसू शकतो. पुष्कळ लोक त्यानंतर घाईघाईने दुसरीकडे गेले आणि निश्चिंत झाले. पण घर बदलले तरी कुलपे तीच राहिली, आणि जुन्या किल्ल्यांची छाप चोराच्या खिशात होती. अशा वेळी स्थलांतराबरोबर शब्दही बदलावे लागतात.

मास्टर पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा काय, यावर आमच्या घरात वाद झाला. आम्ही लिहून ठेवावा या पक्षाचे. घरचा कर्ता माणूस उद्या रुग्णालयात पडला तर घरातील स्त्रियांनी काय करावे? परंतु २००६ च्या ऑगस्टात उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतील पासबुके आणि दाखले यांचा कसा लगदा झाला, हेही येथील लोक विसरलेले नाहीत. अखेर दोन कागद केले. एक येथे माळ्यावर, दुसरा शिरपुरास आबांच्या पेटीत. दोन राज्यांच्या संसाराचा एवढा तरी उपयोग झाला.

विद्यार्थी मित्रहो, ही यातायात बहुधा तुमच्याच वाट्यास येणार. पूर्वी गिरणीतील माणसे शेजारच्या शिकणाऱ्या मुलाकडून गावी पत्र लिहवून घेत, मनीऑर्डरचा फॉर्म भरवून घेत. त्या मुलास घराघरांतील कर्ज, आजारपण, लग्नकार्य सारे कळे आणि तो ते बाहेर बोलत नसे. आज नववी-दहावीतील मुलगा किंवा मुलगी हीच घरची कारकून आहे. आमचे स्पष्ट मत आहे की, त्या कारकुनाने एकट्याने हे काम करू नये आणि वडिलांनीही ते एकट्यावर टाकू नये. मास्टर पासवर्ड आई-वडिलांनी स्वतःच्या बोटांनी टाइप करावा, त्यास दहा मिनिटे लागली तरी लागू द्यावीत. यूपीआयचा पिन तर या तिजोरीतही ठेवू नये. तो डोक्यात राहील एवढाच असतो.

आणि नवा मॅनेजर घेताना आत कसे जावे हे सर्वच कंपन्या आनंदाने सांगतात. बाहेर कसे पडावे, ते प्रथम विचारावे. आपला ऐवज आपणास केव्हाही नेता आला पाहिजे, हा उपकार नव्हे, हक्क आहे. जी तिजोरी तो देत नाही तिला आम्ही बंदीखाना म्हणू. या बाबतीत काही चांगले घडत आहे. फायडो अलायन्स या जागतिक संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा देवघेवीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि २०२५ साली ॲपलने आपल्या नव्या प्रणालीत त्याप्रमाणे एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये पासवर्ड आणि पासकी थेट नेण्याची सोय आणली. मध्ये उघडी फाइल नाही. आंगडियाचे बंद पाकीट म्हणा ना. पण त्यासाठी दोन्ही बाजूंच्या ॲपांनी ते नियम पाळावे लागतात, आणि प्रत्येकाच्या फोनात ती सोय आलेली नाही.

आमच्या घरीही आलेली नाही. दोन खात्यांच्या पासकी जुन्या फोनातच राहिल्या आहेत; नव्या काढावयाच्या तर एका खात्यासाठी आजोबांना घेऊन प्रत्यक्ष कचेरीत जावे लागेल, आणि त्यांचे गुडघे बरे होईपर्यंत ते शक्य नाही. तोवर तो फोन कपाटात आहे. दर रविवारी त्यास चार्ज करण्याचे काम पुतण्याने स्वतःहून मागून घेतले आहे.