नकाशातली नदी आणि पुलाखालची नदी

परवा चौथीतल्या नातवाची उजळणी घेत होतो. गोदावरीचा उगम? त्र्यंबकेश्वर. कृष्णेचा? महाबळेश्वर. भीमेचा? भीमाशंकर. एकही उत्तर चुकलं नाही. संध्याकाळी त्याला घेऊन पुण्याच्या लकडी पुलावरून चाललो होतो. खाली बोट दाखवून विचारलं, "हे काय रे?" नाक दाबून तो म्हणाला, "नाला आहे, आजोबा!"

ती मुठा होती.

आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. दोष त्याचा नाही. एक नदी पुस्तकात आणि एक पुलाखाली. दोघींची गाठ आपण घालूनच दिली नाही.

तिसरीत आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकवण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. म्हणजे पुस्तक आहे, तास आहे. पण तो तास वर्गाचं दार ओलांडत नाही. मग पर्यावरण उरतं ते 'झाडे लावा'च्या रंगीत चित्रापुरतं आणि आईने रात्री जागून चिकटवलेल्या प्रकल्पाच्या वहीपुरतं.

त्यापेक्षा मुलांचं बोट नकाशावर मुठेवरून फिरू द्या. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला. भीमा उजनी धरणात येते आणि पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. उजनीचं पाणी सोलापूर पितं. आपल्या मोरीतून गेलेलं पाणी वारकऱ्याच्या ओंजळीपर्यंत पोचतं, हे ज्याला कळलं त्याला 'नदी स्वच्छ ठेवा' हे वाक्य पाठ करावं लागत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, जीव गेले. घरामागचा ओढा कुठून येतो आणि कुठे जातो, हे ठाऊक असणं केवळ परीक्षेपुरतं नसतं.

कुणी म्हणेल, शिक्षकांनी काय काय करायचं? जनगणना त्यांच्याकडे, निवडणूक त्यांच्याकडे. वर पन्नास पोरं रस्त्यावर न्यायची जोखीम! खरं आहे. म्हणून सुरुवात शाळेच्या आवारातच करावी. सरळ उभा डबा, एक पट्टी आणि एक वही. डब्यात साठलेला पाऊस मुलांनी रोज मोजावा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पडला, तर हजार लिटर! ते गेलं कुठे, हा प्रश्न मग मुलंच विचारतील. एकच विनंती, या वहीला गुण देऊ नका.

पुढच्या रविवारी नातवाला खडकवासल्याला नेलं. धरणाचं भरलेलं पाणी पाहून तो हरखला.

"आजोबा, हीच का ती पुलाखालची?"

"हो, हीच मुठा."

"मग मधेच तिला काय झालं?"

उत्तर मला ठाऊक होतं. ते देताना त्याच्याकडे बघवलं नाही.