पेला आमच्या हाती, मळा कोणाचा?

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका दांपत्याच्या विवाहाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. सकाळी कृतज्ञतेची मिस्सा झाली, सायंकाळी सभागृहात मेजवानी होती. केक कापून झाला, टोस्टची वेळ आली आणि यजमानांच्या मेहुण्यांनी एक बाटली मोठ्या कौतुकाने पुढे केली. ‘ही साधी वाईन नव्हे,’ ते म्हणाले, ‘इस्टेटची आहे. एकाच मळ्यातली, एकाच हंगामाची, आणि आपल्या महाराष्ट्रातली!’ बाटली हातोहात फिरली. कोणी तो गडद लाल रंग दिव्यासमोर धरून पाहिला, कोणी वर्ष वाचले, कोणी किमतीचा अंदाज बांधला. आम्ही सहज विचारले, ‘मळा कोणाचा? कुठल्या गावचा?’ बाटलीवर कंपनीचे नाव होते, द्राक्षाच्या जातीचे फ्रेंच नाव होते, चव कशी लागेल याचे रसाळ वर्णनही होते. पिकवणाऱ्याचे नाव नव्हते, गावाचेही नव्हते. मेहुणे हसून म्हणाले, ‘आता प्यायची, की चौकशी करत बसायचे?’

सभागृहात हशा पिकला आणि विषय तेथेच संपला. आम्हांला मात्र तो संपवता येत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. उत्तम तांबड्या वाईनशी आमचे वैर नाही. काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवावा लागतो. रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. त्यासाठी काबर्ने किंवा शिराझसारख्या जातींची बारीक मण्यांची, जाड सालीची, बी असलेली द्राक्षे लागतात. वेलीवर घड मोजके ठेवावे लागतात, म्हणजे मण्यांत गोडी भरते. बाटलीवरचे वर्ष म्हणजे द्राक्षे तोडली ते वर्ष. त्या वर्षी पाऊस केव्हा आला, ऊन किती पडले, थंडी किती टिकली, हे सारे त्या रसात उतरते असे जाणकार मानतात. एका मळ्याची आणि एका हंगामाची अशी साक्ष जपणारी वस्तू हलकी कशी म्हणावी? ती शेतकऱ्याच्या कसबाचा सन्मान ठरू शकते. आमची तक्रार आहे ती हा सन्मान वाटेत भलत्याच्या गळ्यात पडतो याबद्दल.

कृष्णाकाठचा प्रदेश पाहा. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये साताऱ्यातून वेगळा काढला गेला, तेव्हा त्याचे नाव दक्षिण सातारा होते. १९६० मध्ये तो सांगली झाला. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, पलूस या भागांतील कष्टाळू माणसांनी माळरानावर द्राक्षे उभी केली. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्सन सीडलेसमधून निवडून काढलेला वाण ‘तास-ए-गणेश’ या नावाने दूरवर पसरला. दुष्काळात टँकरचे पाणी विकत घेऊन येथील शेतकऱ्यांनी बागा जगवल्या आहेत. येथे वेल वर्षातून दोनदा छाटावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. त्यानंतर दावण्या, भुरी, करपा या रोगांशी झुंज, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल हाती येईपर्यंत आभाळाकडे डोळे. वसईत केळी सुकवून सुकेळी करणाऱ्या घरांना बेदाण्याचे शेड समजावून सांगावे लागणार नाही. चार किलो द्राक्षे सुकली म्हणजे जेमतेम एक किलो बेदाणा होतो. सांगलीच्या या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गोणीवर गावाचे नाव आहे, हे लक्षात ठेवावे.

अशा प्रदेशाला २००१ मध्ये वाईनचे स्वप्न दाखवण्यात आले. राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाईनला अबकारी करात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभारण्याचे ठरले. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. शेतकऱ्याने नुसता माल विकू नये, मालावर प्रक्रिया करून अधिक मोल मिळवावे, हा विचार चांगलाच होता. पण नाशिकच्या वाईनचे नाव झाले आणि पलूसच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. का आले नाही, याची कारणे व्यापारी लोक बाजारात शोधतात. एक कारण बागेतच आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

खाण्याच्या द्राक्षाला तीन दारे असतात. ताजा माल बाजारात जातो. बाजार पडला तर शेडमध्ये बेदाणा होतो. तेही जमले नाही तर रसाचा कारखाना शोधता येतो. वाईनच्या द्राक्षाला एकच दार, आणि त्या दाराची कडी आतून कंपनीच्या हाती. गेल्या फाल्गुनात पलूसच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. त्याने एका कंपनीच्या शब्दावर दोन एकर तांबडी द्राक्षे लावली होती. तिसऱ्या तोडणीला कंपनीचा ट्रक आलाच नाही. तो म्हणाला, ‘पाव्हणं, ही द्राक्षं पोरंबी खाईनात आन् बेदाण्यालाबी चालंनात. बी चावून चावून कुनी खायाचं? घड वेलीवरच वाळलं.’ पुढच्या वर्षी त्याने वेली मुळासकट काढल्या. बांधाला त्यांची खोडे रचून ठेवली होती. चुलीला तेवढाच आधार. बँकेचे कर्ज मात्र वेलीबरोबर उपटून निघाले नाही.

हे एकट्याचे दुर्दैव नव्हे. २००८ मध्ये जगभर मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाईनचा खप घसरला. टाक्या भरलेल्या राहिल्या, द्राक्षे कोणी घेईना, आणि राज्यात अनेकांनी वाईनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. ज्या हंगामाचे वर्ष बाटलीवर सोनेरी अक्षरांत छापले जाते, तेच वर्ष शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढते.

कोणी म्हणेल, धंदा म्हटला की जोखीम आलीच. मान्य. पण जोखमीची वाटणी कशी झाली? याच कृष्णाकाठी उसाची गोष्ट वेगळी घडली. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यापासून सांगलीपर्यंत शेतकरी सहकारी साखर कारखान्यांचे सभासद झाले. त्या कारखान्यांतील राजकारण आणि थकलेली बिले आम्हांला ठाऊक आहेत; सहकाराची आरती ओवाळण्याचा आमचा इरादा नाही. तरीही उसाला सरकारने ठरवलेला किमान दर असतो, आणि तो न मिळाल्यास रस्त्यावर उतरण्याचा हक्क शेतकऱ्याला वाटतो. वाईनच्या द्राक्षाला ना असा दर, ना सभासदत्व. आपल्याकडे बहुतेक वाईनची द्राक्षे कराराने बांधलेल्या शेतकऱ्यांच्या बागांतून येतात. त्यांच्या हाती जो कागद असतो, त्यातील अटी वाचायला वकील लागतो आणि मोडायला कंपनीचा एक निरोप पुरतो.

यानंतर २०२२ चा जानेवारी उजाडला. मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू द्यावी असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि तो शेतकऱ्याच्या हितासाठी आहे असे सांगितले. वादळ उठले, निर्णय अडला. त्या गदारोळात वाईन म्हणजे दारू नव्हे, असेही जबाबदार मंडळींकडून ऐकावे लागले. बारा-चौदा टक्के मद्यार्क असलेले पेय दारू नव्हे तर काय? ज्या घरात बाप पिऊन येतो, त्या घरातील लेकराला हा भेद समजावून सांगण्याचे धैर्य आमच्यात नाही. आपल्या धर्मग्रामांत अशी घरे नाहीत असे म्हणणारा कोणी असेल, तर त्याने एकदा धर्मगुरूंना विचारून पाहावे.

त्या वादात दुसऱ्या बाजूनेही शेतकऱ्याचा विचार केला नाही. विरोधकांनी संस्कृतीचा घोष केला, समर्थकांनी शेतकऱ्याचा जप केला. पण दुकानात बाटली ठेवल्याने पलूसच्या द्राक्षाला किलोमागे किती जास्त मिळणार, आणि ते कोणत्या कलमाने मिळणार, हा साधा प्रश्न कितीजणांनी विचारला?

या वादात आपणां कॅथलिकांना एक टोमणा हटकून ऐकावा लागतो: ‘तुमच्या मिस्सेत तर वाईन असतेच!’ त्याहून वाईट म्हणजे आपल्यातील काही जण तो टोमणा प्रशस्तिपत्रासारखा मिरवतात. होय, वेदीवर द्राक्षारस असतो. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ९२४ वे कलम सांगते की तो नैसर्गिक, द्राक्षांचाच आणि न बिघडलेला असावा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही धार्मिक विधीची अडचण ओळखली होती. पण वेदीचा दाखला देऊन दुकानाचे फळकुट भरण्याचा अधिकार कोणी दिला? आणि दाखला द्यायचाच असेल तर पुरता द्यावा. जून २०१७ मध्ये व्हॅटिकनमधून जगभरच्या महागुरुस्वामींना एक पत्र गेले. मिस्सेची भाकर आणि द्राक्षारस आता बाजारात कोठेही मिळू लागले आहेत, म्हणून ते कोण तयार करतो, तो प्रामाणिक आणि जाणकार आहे की नाही, याकडे लक्ष ठेवावे असा त्याचा आशय होता. वेदीवरच्या पेल्याबद्दल ख्रिस्तसभा ‘कोणी केला?’ असे विचारते. मेजवानीच्या पेल्याबद्दल तोच प्रश्न विचारला तर तो असभ्यपणा कसा ठरतो?

द्राक्षमळ्यांची पवित्र शास्त्रात वाण नाही. नाबोथाने वाडवडिलांचा मळा राजाला विकला नाही, म्हणून त्याचा जीव घेतला गेला. प्रभू येशूच्या दाखल्यातील मळ्याचा धनी दिवस मावळता आलेल्या मजुरालाही पुरे वेतन देतो. आज मळा बळकावण्यासाठी खोटे साक्षीदार उभे करावे लागत नाहीत. मालक तसाच ठेवून त्याचा भाव पाडला तरी काम भागते. तेराव्या लिओ पोपमहाशयांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात बजावले होते की गरजेपोटी दबून मान्य केलेला करार केवळ मान्य केला म्हणून न्याय्य होत नाही. ते वचन कारखान्यातील कामगारासाठी होते. ते ओसरीवरच्या त्या शेतकऱ्यालाही लागू पडते.

मग काय करावे? आमचे मागणे फार नाही. गोडी छाटणीपूर्वी लेखी करार व्हावा, त्यात किमान दर असावा आणि माल न उचलल्यास भरपाई असावी. वाईनच्या द्राक्षासाठी दुसरे दार उघडण्याची जबाबदारी धोरण आखणाऱ्यांनी घ्यावी. पिकवणाऱ्यांना एकत्र येऊन कंपनीत भागीदार होण्याची वाट मिळावी. आणि बाटलीवर गावाचे नाव असावे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये तिच्या गावाच्या नावाने मानांकन मिळाले, बेदाण्याला सांगलीच्या नावाने मिळाले. मग त्याच मातीतील रसानेच निनावी का राहावे?

हे सरकारचे आणि कंपन्यांचे झाले. आपल्या घरचेही काही आहे. सणासमारंभात टोस्ट हा आठवा संस्कार असल्यासारखा सक्तीचा करू नये. सभागृहात मद्य सोडण्याची धडपड करणारा एखादा भाऊ बसलेला असतो, त्याची आठवण ठेवावी. ज्यांना घ्यायची त्यांनी घ्यावी, पण दुकानदाराला विचारून घ्यावी. एकाने विचारले तर तो हसेल, शंभरांनी विचारले तर तो कंपनीला कळवील. आणि नाताळच्या केकमध्ये सांगलीचा बेदाणा तर आजही घालता येतो.

राहता राहिला त्या मेहुण्यांचा सवाल. त्यांना काना गावच्या लग्नाची आठवण करून द्यावीशी वाटते. योहान सांगतो की भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला, त्याची वाखाणणी केली, पण तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. ज्या चाकरांनी पाणी काढले होते, त्यांना मात्र ते ठाऊक होते. त्या रात्री आमच्या सभागृहात सारेच भोजनकारभारी जमले होते. पुढल्या समारंभाला एखादा तरी चाकरांकडे जाऊन विचारणारा निघावा, एवढीच आमची इच्छा आहे.