पूर्वतयारीचे अर्थशास्त्र

२९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवारची सुट्टी पदरात पडली. पण तिची किंमत म्हणून उरलेल्या पाच दिवसांच्या कामाची वेळ वाढली आणि कार्यालय सुटण्याची वेळ सव्वासहावर गेली. या निर्णयाची चर्चा झाली ती प्रशासनाची कार्यक्षमता, विजेची व इंधनाची बचत आणि जनतेची सोय-गैरसोय या अंगांनी. सव्वासहाला मंत्रालयातून निघून आठच्या सुमारास डोंबिवलीला किंवा बदलापूरला घराचे कुलूप उघडणाऱ्या लिपिक स्त्रीच्या घरी रात्रीचे जेवण केव्हा आणि कसे तयार होते, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही. विचारला असता, तरी तो खासगी म्हणून बाजूस सारला गेला असता.

अर्थशास्त्रानेही या बाबतीत काही मोठा पुरुषार्थ दाखविला आहे असे नाही. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने आपल्या १९२०च्या ग्रंथात, एखाद्याने पगारी घरकामवालीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती नोंदविली. ती अद्याप तशीच आहे. खाणावळीत लाटलेली पोळी राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते, घरच्या पोळपाटावरची मोजली जात नाही. निदान वेळेची मोजदाद आता होऊ लागली आहे. केंद्र शासनाच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी ८१ जणींनी दिवसभरात विनामोबदला घरकाम केले आणि त्यांचा सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला. पुरुषांत हे काम करणारे शंभरांत २६ आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटे. उरलेल्या चौऱ्याहत्तरांना हिशेबात धरले, तर सरासरी अवघी २५ मिनिटे उरते. २०२४च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा वेळ दहा मिनिटांनी कमी होऊन २८९ झाला. पुरुषांचाही कमी झाला. तो ८८ झाला!

हे तास वाचविता येतील काय? सर्व नव्हे, पण काही नक्कीच. आणि त्यासाठी नव्या यंत्रापेक्षा जुन्या शहाणपणाची गरज अधिक आहे. स्वयंपाकातील प्रत्येक कामाला एक ठराविक खर्च असतो, मग ते काम थोडे करा की पुष्कळ. वाटीभर दाण्याचे कूट करावयाचे तरी कढई तापवावी लागते, मिक्सर काढावा लागतो आणि नंतर भांडे घासावे लागते. अर्धा किलो दाणे भाजले तर भाजण्याची मिनिटे थोडी वाढतात, पण बाकीची यातायात तेवढीच राहते. आणि घट्ट झाकणाच्या डब्यातील ते कूट पंधरवडा पुरते. कारखानदार ज्याला घाऊक उत्पादनाचा लाभ म्हणतो तो हाच. कांदा व सुके खोबरे भाजून केलेले वाटण, चिंचेचा कोळ, सोललेला लसूण, यांनाही हाच न्याय लागू आहे. शनिवारी रात्री मटकी भिजत घातली, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली, की सोमवारी मोड तयार असतात. त्यात माणसाचे श्रम पाच-दहा मिनिटांचे, बाकीचे काम मटकी स्वतःच करते.

मात्र कोणते काम आधी करावयाचे याइतकेच कोणते करावयाचे नाही, हे कळणे म्हणजे खरे कौशल्य. चिरलेले वांगे आणि बटाटा काळे पडतात; ते ऐनवेळीच चिरावेत. भेंडी उलट आदल्या रात्री धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवावी, कारण ओली भेंडी चिरली की तार सुटते आणि घाईच्या वेळी ती कोरडी होण्याची वाट पाहण्यास कोणास सवड नसते. कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवली तर आठवडाभर टिकते. धुऊन ठेवली की दोन दिवसांत सडते. सकाळी मळलेली कणीक तेलाचा हात लावून शीतकपाटात ठेवली तर रात्री उत्तम लागते, दुसऱ्या दिवशी मात्र ती काळवंडते. ओल्या खोबऱ्याच्या वाटणावर दोन दिवसांपलीकडे विसंबू नये. शिजलेला भात तर ओट्यावर तासन्‌तास उघडा ठेवूच नये. त्यात वाढणाऱ्या जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ज्या गावांत वीज तासन्‌तास जाते तेथे शीतकपाटाच्या भरवशावर आखलेले बेत अर्थातच कोलमडतात आणि तेथे कोरड्या साठवणीचाच आधार घ्यावा लागतो.

तो आधार आपल्याला नवा नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सांडगे, कुरडया, लोणचे ही सारी पूर्वतयारीच होय. मागच्या पिढ्यांनी ती वर्षाच्या मापाने केली, नोकरदार घराला ती आठवड्याच्या मापाने करावयाची आहे, एवढाच फरक. तो फरक नीट न कळल्याने पुष्कळ घरांत उन्हाळ्यात वर्षाचे पापड पडतात आणि मंगळवारी संध्याकाळी मात्र ‘आज काय करायचे?’ हा प्रश्न जिना चढताना पडतो. श्रमापेक्षा या प्रश्नानेच माणूस अधिक थकतो. आठवड्याचा बेत कागदावर लिहून भिंतीला लावला, तर तो प्रश्न सातदा न पडता एकदाच पडेल. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो एकाच डोक्यात राहणार नाही.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने मराठी घरांत जे केले त्याचे मर्म येथे आहे. अंदाजाच्या जागी वाटी-चमच्याचे माप आले आणि सासूच्या हातात असलेली विद्या नवख्या माणसालाही उचलता येऊ लागली. भिंतीवरचा बेतही तसाच. घरी आधी पोहोचेल त्याने तो वाचून कुकर लावावा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत कपडे बदलून, हातपाय धुऊन, भाजी चिरावी. डाळ आधी अर्धा तास भिजलेली असली तर शिट्ट्याही कमी लागतात.

परंतु घरी आधी पोहोचणारा जर वृत्तपत्र उघडून चहाची वाट पाहत बसणार असेल, तर वरील सारा हिशेब फसवा आहे. रूथ श्वार्ट्‌झ कोवन या अमेरिकन इतिहासकार स्त्रीने १९८३च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, घरगुती यंत्रांनी प्रथम पुरुषांची, मुलांची आणि नोकरांची कामे हलकी केली. गृहिणीच्या वाट्याची कामे राहिलीच, उलट काही वाढली. पूर्वतयारीचेही तसेच होऊ शकते. पाच संध्याकाळी हलक्या झाल्या, पण शनिवारची सुट्टी मेथी निवडण्यात आणि लसूण सोलण्यात गेली, तर वेळ वाचला नाही, फक्त सरकला. वास्तविक या कामांना स्वयंपाकाचे कौशल्य लागतच नाही. आठवीतला मुलगा आणि सेवानिवृत्त आजोबा समोरासमोर बसून, वाटल्यास क्रिकेटचा सामना पाहत, ती करू शकतात.

पोळी-भाजी केंद्रे आहेत, मग हा उपद्व्याप कशाला, असे काहीजण म्हणतील. ज्यांना परवडते त्यांनी जरूर तेथून आणावे. पण तृतीय श्रेणीच्या पगारात चार माणसांच्या रोजच्या डझनभर पोळ्या विकत घेणे महिनाअखेरपर्यंत निभत नाही. शिवाय त्या केंद्रात दिवसभर पोळ्या लाटणारी बाई रात्री घरी जाऊन पुन्हा परात पुढे ओढते. तिच्यासाठी कोणते केंद्र उघडे असते?

विद्यार्थ्यांचा प्रश्न तर आणखी साधा आहे. पुण्यात खोली घेऊन राहणारे हजारो तरुण रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद असली की वडापाव खाऊन झोपतात. पदवीच्या उंबरठ्यावर आलेल्या या मुलांना वरणभात लावता येत नाही, यात दोष त्यांचा कमी आणि शिक्षणाचा अधिक. केरळने २०२४ साली तिसरीच्या पाठ्यपुस्तकात खोबरे खवणारा बाप चितारला, हे चांगलेच झाले. परंतु चित्राने नारळ खवला जात नाही. महाराष्ट्रातील शाळांत कार्यानुभव हा विषय आहे. त्यात मुलामुलींना सारख्याच सक्तीने कुकर लावणे, कणीक मळणे, कडधान्याला मोड आणणे शिकविण्यास वेगळी प्रयोगशाळा लागणार नाही. बीजांकुरणाचा प्रयोग म्हणून ओल्या कापसावर मटकी तर मुले आजही ठेवतातच. वहीत आकृती काढून झाली, की ती टाकून दिली जाते.