मुघलांच्या पानांसाठी भांडा, पण वीस मार्कांचं नागरिकशास्त्र आधी उघडा

वर्षातून एक-दोनदा आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच बातमी फिरते: पाठ्यपुस्तकातून मुघल काढले. मग लाल किल्ल्याचे फोटो, एखादा शेर, चार शिव्या, दोन रील. तिसऱ्या दिवशी क्रिकेट सुरू होतं आणि पुस्तक जिथे होतं तिथेच राहतं.

बातमी खोटी नसते, हे आधीच सांगतो. 2017 मध्ये आपल्या राज्य मंडळाचं सातवीचं इतिहासाचं पुस्तक बदललं आणि मुघलांचा भाग आक्रसला. पुढे एनसीईआरटीने बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारावरचा धडा काढला. राज्यशास्त्राच्या पुस्तकातून गुजरात दंगलीचा आणि गांधीहत्येनंतरच्या घडामोडींचा मजकूर गेला. त्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी 2023 मध्ये जाहीरपणे सांगितलं, आमची नावं त्यावरून काढून टाका. 2024 च्या आवृत्तीत बाबरी मशिदीचं नाव जाऊन ‘तीन घुमटांची वास्तू’ आली. हे सगळं चुकीचं आहे, हेतुपुरस्सर आहे, आणि त्यावर बोललंच पाहिजे.

पण माझा प्रश्न आपल्यालाच आहे. ज्या पुस्तकावरून आपण एवढे तापतो, ते किती जणांनी उघडून पाहिलंय? बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, मराठीत आणि उर्दूतही. सातवीच्या पुस्तकात आजही ‘शिवपूर्वकालीन भारत’ नावाचा धडा आहे. ‘धार्मिक समन्वय’ नावाचाही आहे. त्यात काय ठेवलं, काय गाळलं, कोणत्या वाक्यातला कोणता शब्द बदलला, हे सांगणारी एक तरी पोस्ट तुमच्या ग्रुपवर आली होती का? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोड बदलला अशी नुसती बोंब मारून चालत नाही. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून कोणती ओळ गेली, कोणती आली, हे दाखवावं लागतं. तेवढं केलं तर समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. नाही केलं तर तो ‘अफवा आहे’ म्हणून मोकळा होतो.

दुसरं, आपण भांडतो ते बादशहांसाठी. ताजमहालाला आपल्या वकिलीची गरज नाही. ज्यांना खरंच वकील हवा आहे, त्यांचं नाव आपण घेत नाही. मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. 1610 मध्ये त्याने खडकी शहर वसवलं, नहरींनी त्याला पाणी दिलं, जमिनीची मोजणी करून महसुलाची घडी बसवली. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने मुघल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध लढले. या एका लढाईत ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ हा साचा मोडून पडतो. मुघल आणि आदिलशाही पुसट केली तर शिवाजी महाराजांनी किती बलाढ्य सत्तांशी झुंज दिली, हेही मुलांना कळणार नाही. म्हणजे पानं कापणारे महाराजांवरही अन्यायच करतात.

आपण मात्र हा मुद्दा मांडत नाही. आपण म्हणतो, ‘आमच्या बादशहांनी तुम्हाला आठशे वर्षं...’ आणि त्याच सापळ्यात पाय टाकतो. भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश असे तीन तुकडे केले जेम्स मिलने. 1817 मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि तो माणूस आयुष्यात कधी भारतात आलाच नव्हता. पानं कापणारे मिलच्या साच्यात विचार करतात आणि इमोजी टाकणारे आपणही. भिवंडीतल्या मागावरच्या मोमीनाचं औरंगजेबाशी नातं काय? त्याचे पूर्वज उत्तरेतून पोट भरायला आले, विणकाम करत राहिले. त्याचा इतिहास दरबारात सापडणार नाही. तो सुताच्या भावात, स्थलांतरात आणि कामगारांच्या संपात सापडेल.

आता मुख्य मुद्दा. आपल्या मुलांचं सर्वात मोठं नुकसान कापलेल्या पानांनी होत नाही. छापलेल्या आणि न वाचलेल्या पानांनी होतं.

महाराष्ट्रात नागरिकशास्त्राची चेष्टा जुनी आहे: वीस मार्कांचा विषय, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा. आता त्याचं नाव राज्यशास्त्र झालंय, इज्जत तेवढीच आहे. दहावीच्या पुस्तकात 9 धडे इतिहासाचे आणि 5 राज्यशास्त्राचे आहेत: संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी, लोकशाहीसमोरील आव्हाने. आठवीत संसद, न्यायव्यवस्था, राज्यशासन, नोकरशाही. सातवीत संविधानाची उद्देशिका आणि मूलभूत हक्क. म्हणजे एका नागरिकाला लागणारा बराचसा ऐवज पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत हातात येतो. आणि आपण तो गाइडमधल्या ‘कारणे लिहा’मध्ये संपवतो.

याची किंमत काय, ते पाहा. जुलै 2014 मध्ये राज्य सरकारने मराठा समाजाला 16 टक्के आणि मुस्लिमांमधल्या मागास गटांना 5 टक्के आरक्षण अध्यादेशाने दिलं. मोहल्ल्यांत मिठाई वाटली गेली. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण मुस्लिमांचं शिक्षणातलं 5 टक्के चालू राहू दिलं. नीट वाचा: न्यायालयाने ते थांबवलं नव्हतं. तरी डिसेंबरअखेर ते संपलं. कसं?

अध्यादेश म्हणजे सभागृह भरलेलं नसताना राज्यपालांनी काढलेला मुदतीचा कायदा. संविधानाच्या अनुच्छेद 213 प्रमाणे विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही, तर तो आपोआप गळून पडतो. निवडणूक झाली, सरकार बदललं, नागपूरचं हिवाळी अधिवेशन आलं. मराठा आरक्षणाचं विधेयक मांडून मंजूर झालं. आपलं सरकारने आणलंच नाही. दिवस भरले आणि अध्यादेश विझला.

ते सहा आठवडे म्हणजे आपल्या समाजाची परीक्षा होती. कोणत्या तारखेला मुदत संपते, कोणत्या आमदाराला गाठायचं, सभागृहात प्रश्न कोण विचारणार, हे मोहल्ल्यातल्या किती जणांना माहीत होतं? आजही ‘पाच टक्के’ ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. ते कोर्टात हरलं असंच बहुतेकांना वाटतं. सत्ताधाऱ्यांनी दगा दिला हे खरं. पण दगा देणाऱ्यालाही ठाऊक होतं की समोरच्यांपैकी कुणी कॅलेंडर बघत नाहीये.

अर्थशास्त्राचं दुखणं याहून मोठं आहे, कारण ते पुस्तकातच आटलं आहे. सीबीएसईच्या दहावीत अर्थशास्त्राचं स्वतंत्र पुस्तक आहे. पैसा आणि कर्ज, जागतिकीकरण, ग्राहकाचे हक्क त्यात शिकवतात. आपल्या राज्य मंडळात पूर्वी भूगोलाच्या जोडीला अर्थशास्त्र असायचं. आता नववी-दहावीच्या भूगोलात त्याचे एक-दोन धडे उरलेत. खरी ओळख अकरावीत, तीही विषय निवडला तर. आपल्या मोहल्ल्यांतली बरीच मुलं दहावीनंतर गॅरेजवर, मागावर, मोबाइलच्या दुकानात जातात. म्हणजे ज्याला पैशाचं गणित सर्वांत आधी लागणार आहे, त्यालाच ते कुणी शिकवत नाही.

मग तो मुलगा लोन ॲपवरून पाच हजार उचलतो आणि महिन्याला किती टक्के पडले हे त्याला सांगता येत नाही. व्याज घ्यावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे. पण व्याज मोजता न येणं ही दीनदारी नाही. भिशी कुठे बुडते, सूत महाग झाल्यावर मागवाल्याचा नफा आधी का जातो, मजुरीचा दर मजुराला न विचारता कसा ठरतो, हे मालेगावच्या मुलाने वर्गात शिकलं पाहिजे. चौकात शिकलं तर फार महाग पडतं.

सरकारच्या पैशाचंही तेच. अल्पसंख्याकांसाठी अमुक कोटी, अशी हेडलाइन वाचून कुणी खूश होतं, कुणी ‘तुष्टीकरण’ म्हणून ओरडतं. तरतूद, वितरण आणि खर्च हे तीन वेगवेगळे आकडे असतात. मार्चअखेर खर्च किती झाला, हा प्रश्न विचारणारा दहावीचा मुलगा दोघांनाही गप्प करेल. 2022 मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिलं, शिक्षण हक्क कायद्याने हे शिक्षण मोफतच आहे. वही, गणवेश, रिक्षा, ट्यूशन यांचा खर्च त्या ‘मोफत’मध्ये येतो का? हा साधा हिशेब मांडून उत्तर देता आलं असतं. आपण निषेधाचं बॅनर छापलं.

इथे दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं आपल्या घरातून: ‘बेटा, सायन्स घे, हे विषय कमी मार्कवाल्यांचे.’ मी इंजिनिअर आहे, म्हणून हे मीच बोललेलं बरं. इंजिनिअरिंगने नोकरी मिळते, घर चालतं, मान मिळतो. पण पदवी दाखवून मतदार यादीतलं गळलेलं नाव परत येत नाही. त्यासाठी नवीन नोंदणीचा नमुना 6, नाव वगळण्याचा 7 आणि दुरुस्तीचा 8 हे माहीत असावं लागतं. ओबीसी दाखल्याची पडताळणी करायला गेलात तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. तिथे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला निघतो, आणि त्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. ना बागवान, ना पिंजारी, ना तांबोळी. तो पिवळा कागद हे इतिहासाचं साधन आहे. त्याला जोड म्हणून दुसरा कागद कुठे शोधायचा, जन्म-मृत्यूच्या नोंदीत की महसुली दप्तरात, ही इतिहासाची रीत आहे. दहावीचा पहिलाच धडा इतिहासलेखनावर आहे. तो ‘पाठांतराचा’ म्हणून ज्यांनी सोडला, त्यांचीच पोरं दाखल्यासाठी एजंटाच्या दारात उभी असतात.

दुसरं उत्तर जास्त कडू आहे: ‘संविधान वाचून बुलडोझर थांबतो का?’ नाही थांबत. पुस्तक ढाल नाही, असं खोटं मी सांगणार नाही. पण 13 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बांधकाम पाडण्यापूर्वी किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी लागेल. ती रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची, बांधकामावरही चिकटवायची आणि मालकाचं म्हणणं ऐकून घ्यायचं. रस्ता, फुटपाथ, रेल्वे रूळ, नदी-नाल्यावरच्या अनधिकृत बांधकामांना यात सूट नाही. हे माहीत असलेला मुलगा गल्लीत असेल तर तो मशीनसमोर झोपण्याआधी विचारेल, ‘नोटीस कुठे आहे? तारीख काय?’ त्या प्रश्नाने घर वाचेलच असं नाही. पण तो विचारला आणि लेखी नोंदवला नाही, तर पुढे कोर्टात दाखवायला हातात काहीच उरत नाही.

म्हणून पानं कापणाऱ्यांवर रागावताना थोडा राग आपल्यासाठीही राखून ठेवा. आपल्या समाजाच्या संस्थांनी चालवलेल्या कित्येक शाळांत इतिहास-नागरिकशास्त्राचा तास ज्या सरांचा तास रिकामा असेल त्यांना दिला जातो. विज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी चंदा गोळा होतो. मुलांना एकदा महापालिकेची सर्वसाधारण सभा दाखवायला बसभाडं मिळत नाही. ट्रस्टींना हे विचारायला सरकारची परवानगी लागत नाही.

करायचं काय? जिथे अभ्यासिका चालते तिथे आठवड्यातून एक तास या विषयाला द्या. धडा वाचा आणि त्याच्या शेजारी खरा कागद ठेवा: नोटीस, अध्यादेश, महापालिकेचं बजेट, मतदार यादी. महापालिकेच्या उर्दू किंवा मराठी शाळेत मूल असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत जा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. अम्मी, खाला, फूफी यांच्यासाठी ती खुर्ची कायद्याने ठेवलेली आहे. कुणीतरी आपल्या नावाने सही ठोकण्याआधी ती भरा. घरातल्या हुशार मुलीला अर्थशास्त्र किंवा कायदा शिकायचा असेल तर ‘मेडिकलला नंबर नाही लागला का?’ असं विचारू नका.

आणि पुस्तकांची लढाई लेखी लढा. राज्याचा नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे. मे 2024 मध्ये त्याच्या आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या. त्यात मनुस्मृतीचा श्लोक निघाला आणि राज्यभर गदारोळ झाला, कारण काही लोकांनी तो मसुदा बसून वाचला होता. आपल्या किती संस्थांनी लेखी सूचना पाठवली? मलिक अंबर हवा, दहावीत अर्थशास्त्र परत हवं, राज्यशास्त्राला जास्त तास हवेत, अशी एक पानाची मागणी किती शाळांच्या लेटरहेडवर गेली? पुढचा मसुदा येईल तेव्हा मुदत पुन्हा मोजकीच असेल. तारीख लक्षात ठेवा. 2014 मध्ये ती कुणी ठेवली नव्हती.